सिम्युलेटरमध्ये तो ट्रक नसतो

संगणकावर विमान उडवायच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे सिम्युलेटरवर, जुना अपघात पुन्हा उभा करणारा एक व्हिडिओ. सांताक्रूझच्या धावपट्टीवरून जम्बो जेट समुद्राकडे उठतं. कॅमेरा विमानाच्या बाहेर, डाव्या पंखाच्या जरा मागे. खाली किनाऱ्याचे दिवे, पुढे काळंशार पाणी. उजवीकडे हलकं वळण घेऊन विमान पुन्हा सरळ झालेलं आपल्याला लख्ख दिसतं आणि तेवढ्यात ते डावीकडे कलायला लागतं. वीस अंश, चाळीस, सत्तर. पाहणारा खुर्चीत पुढे सरकतो आणि मनाशी म्हणतो, अरे, एवढं साधं दिसत कसं नाही यांना?

हा प्रश्न कॅमेऱ्याने पेरलेला आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. चाकं उचलल्यापासून पाण्यापर्यंत सगळा मामला सुमारे १०१ सेकंदांचा. बाहेर अंधार, खाली समुद्र, क्षितिज कुठेच नाही. अशा वेळी विमान सरळ आहे की कललेलं, हे शरीराला कळत नाही. कानातली तोल सांभाळणारी रचना सावकाश आलेला कल ओळखतच नाही. कळतं ते फक्त समोरच्या एडीआयवरून, म्हणजे कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या यंत्रावरून. कॅप्टनच्या बाजूचं ते यंत्र बिघडलं होतं. वळण संपून विमान सरळ झालं, तरी यंत्र उजवा कलच दाखवत राहिलं. तो कल काढायला कॅप्टनने समोरचं सुकाणूचं चाक डावीकडे फिरवलं आणि फिरवत नेलं. शेवटी डावा कल १०८ अंशांवर गेला, म्हणजे पंख उभा होऊन पलीकडे झुकला. उंची होती दीड-दोन हजार फुटांच्या घरात. तिथून सावरायला जागाच नव्हती.

सहवैमानिकाचा एडीआय आणि मधला राखीव एडीआय बरोबर चालत होते. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने त्याकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला. म्हणजे कॉकपिटमध्ये त्या क्षणी दोन वेगवेगळी क्षितिजं होती, आणि खरं कोणतं हे ठरवायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सेकंद. अपघात तो होता. बाहेरच्या कॅमेऱ्यातून त्याचा मागमूसही लागत नाही. उलट ज्या एका गोष्टीच्या अभावी ती माणसं मेली, ते बाहेरचं निर्विवाद क्षितिज, तेच आपल्याला फुकट मिळतं आणि त्या बळावर आपण त्यांना मूर्ख ठरवतो.

जुने विमान अपघात सिम्युलेटरवर पुन्हा उभे करणारे व्हिडिओ गेल्या काही वर्षांत भाराभर झाले आहेत. ते बंद करा, असं मला म्हणायचं नाही. हे साधन कोणत्या बाजूला झुकलेलं आहे, ते बनवणाऱ्याने आणि बघणाऱ्याने ओळखावं, एवढंच म्हणणं आहे. ते शेवटचे क्षण दाखवतं, म्हणून दोष दर वेळी शेवटच्या हातांवर टाकतं.

‘सम्राट अशोक’चंच उदाहरण पुढे नेऊ. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरबरोबर येणारं प्रवासी ७४७ हे ७४७-८ आहे : दोन वैमानिकांचं, डिजिटल पडद्यांचं. १९७८ चं विमान ७४७-२०० होतं : घड्याळासारख्या गोल डायल आणि तिसरी खुर्ची फ्लाइट इंजिनिअरची. घाईत ७४७-८ वर एअर इंडियाचा जुना रंग चढवला की व्हिडिओ तयार होतो खरा, पण ज्या तिसऱ्या माणसाने सावध करायचा प्रयत्न केला, त्याची खुर्चीच विमानातून नाहीशी होते. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवर फेलिस या निर्मात्याचं ७४७-२०० मिळतं, इंजिनिअरच्या पॅनेलसकट. मेहनत करणारे ते घेतात. गंमत म्हणजे एवढी मेहनत करूनही खालची मुंबई आजच्या उपग्रहचित्रांवर बेतलेली असते. २००९ साली खुला झालेला सागरी सेतू १९७८ च्या अपघातात हजर असतो. ही चूक किरकोळ आहे, हसून सोडून द्यावी.

पुढची मात्र सोडून देण्यासारखी नाही. एक्स-प्लेनमध्ये बिघाडांची लांबलचक यादी असते. कॅप्टनचं कृत्रिम क्षितिज निवडा, ते अमुक उंचीवर किंवा अमुक वेगाला बंद पडू दे असं सांगा, झालं. पण बंद पडलेलं यंत्र आणि खोटं बोलणारं यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंद पडलेल्या यंत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही, वैमानिक सरळ दुसऱ्याकडे बघतो. खोटं बोलणारं यंत्र शांतपणे, पटेल असंच सांगत राहतं. तसं दाखवायचं तर तयार यादी पुरत नाही. फ्लायविथल्युआसारख्या प्लगइनमध्ये, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरमध्ये, छोटी स्क्रिप्ट लिहून डाव्या बाजूच्या एडीआयचा आकडा तेवढा अडकवून ठेवावा लागतो आणि उजवा व राखीव खरे चालू द्यावे लागतात. मग कॅमेरा कॅप्टनच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचा आणि बाहेरची खिडकी काळी सोडायची. असा व्हिडिओ पाहताना पोटात गोळा येतो. बघणाऱ्याचा हातही नकळत डावीकडे जातो.

त्यातही सिम्युलेटरच्या गणिताला मर्यादा आहे. विमानाचं हवेतलं वागणं चाचणी-उड्डाणांत जिथवर मोजलं गेलं, तिथवर आकडे भरवशाचे. १०८ अंशांच्या कलात भरलेलं ७४७ कसं वागतं, हे कुणी उडवून मोजलेलं नाही. तिथे सगळा अंदाज. अमेरिकेत वैमानिकांना शिकवणाऱ्या व्यावसायिक सिम्युलेटरनाही पूर्ण स्टॉलमधलं, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावरचं, वर्तन नीट दाखवण्याची सक्ती २०१६ च्या नियमाने झाली आणि त्यासाठी २०१९ पर्यंत मुदत दिली गेली. कोटी कोटींच्या यंत्रांची ही गत, तर घरच्या संगणकावरचं दृश्य किती ताणायचं?

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. सिम्युलेटरमध्ये विमान असतं, धावपट्टी असते, वारा-पाऊस असतो. व्यवस्था नसते.

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. विमानात ११८ माणसं. एप्रिलची दुपार, विमान भरलेलं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा विमानावर काय परिणाम होतो, हे आकड्यात बघा. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर. पारा ४० अंशांवर आहे असं धरलं, तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ती धावपट्टी पाच हजार फुटांहून उंच डोंगरावर असते. पंखांना उचल कमी, इंजिनांचा जोर कमी, त्यामुळे धाव लांबते. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला उठलं. धावपट्टीच्या पलीकडून बीड रोड जातो. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढे विमान उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर गेलं आणि शेतात कोसळलं. ५५ जण मेले.

चौकशीत दोन कारणं निघाली. एक, वैमानिकांनी नाक उशिरा उचललं आणि उचलण्याची पद्धत चुकली. दोन, उड्डाणांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. दोन्ही कारणं एकाच दमात सांगितलेली.

आता हा अपघात सिम्युलेटरवर करा. ७३७-२०० मिळतं. वजन घालता येतं, तापमान घालता येतं, नाक चार सेकंद उशिरा उचलता येतं. पहिलं कारण जसंच्या तसं दिसतं. पण बीड रोडवर ट्रक नसतो. सिम्युलेटरच्या रस्त्यावरून आपोआप धावणाऱ्या गाड्या म्हणजे नुसती चित्रं, त्या विमानाच्या आड येत नाहीत. मग बनवणारा काय करतो? वैमानिकाची चूक थोडी वाढवतो, विमान थेट तारांत नेतो आणि निवेदनात ‘एका ट्रकला धडकून’ असं एक वाक्य टाकतो. अहवालातली निम्मी जबाबदारी एका वाक्यात उरकली जाते, कारण तिला त्रिमितीय मॉडेल नाही. रस्त्याला फाटक का नव्हतं, ते कुणी बसवायचं होतं, हे प्रश्न पडद्यावर येतच नाहीत. चार सेकंदांचा उशीर मात्र संथ गतीत दोनदा दिसतो.

कोझिकोडचं पाहा. ७ ऑगस्ट २०२०, भर पावसात, मागून वारा असताना एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या, टोकाला उतार असलेल्या धावपट्टीवर उतरलं. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर. विमान टोकावरून खाली गेलं, २१ जण मेले, त्यांत दोन्ही वैमानिक. पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲपवर कॅप्टनची वीरगाथा फिरली : चाकं उघडत नव्हती, इंधन जाळायला तीन घिरट्या घातल्या, शेवटी इंजिन बंद करून प्रवासी वाचवले. यातलं काही घडलेलं नव्हतं. वर्षभराने आलेल्या अहवालाने कार्यपद्धती न पाळल्याचा ठपका ठेवला, तेव्हा तोच माणूस एका रात्रीत खलनायक झाला. दोन्ही टोकांच्या मध्ये अहवालात आणखी एक गोष्ट आहे. त्या तळावर कॅप्टन अपुरे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाणही याच कॅप्टनना करायचं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ते हुकलं असतं. व्यवस्थेतल्या त्रुटींचा वाटा दुर्लक्षून चालणार नाही, असं अहवालाने स्पष्ट म्हटलं आहे. पाऊस सिम्युलेटरमध्ये उत्तम पडतो. कॅप्टनच्या बाजूचा थांबलेला वायपरही दाखवता येतो. ड्यूटीचा तक्ता कुठल्या मेन्यूत मिळतो?

हरियाणातल्या चरखी दादरीची गोष्टही याच वाटेची. १२ नोव्हेंबर १९९६ ला सौदियाचं ७४७ आणि कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ हवेत धडकून ३४९ जण गेले. पडद्यावर दिसतं ते एवढंच : १५,००० फुटांची परवानगी असताना त्याहून खाली आलेलं इल्युशिन. दिल्लीला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी एकच हवाई वाट होती, नियंत्रकाच्या रडारवर विमानाची उंची उमटत नव्हती, हे दिसत नाही. सुधारणा झाल्या त्या याच न दिसणाऱ्या गोष्टींत : वाटा वेगळ्या झाल्या, नवं रडार आलं, विमानांत टक्कर टाळणारं यंत्र बंधनकारक झालं.

बनवणाऱ्याच्या हाताबद्दलही बोलायला हवं. आजचं एअरबस सिम्युलेटरवर पाडणं सोपं नाही. सामान्य स्थितीत त्याचा संगणक ६७ अंशांपलीकडे कलू देत नाही, स्टॉलमध्ये जाऊ देत नाही. म्हणून आधी संगणक बंद करायचे, मग जॉयस्टिक पोटाशी ओढून धरायची. परिणामी विमान वाचवायला धडपडणाऱ्या माणसाच्या हालचाली आपण पाहतो त्या पाडायलाच बसलेल्या हाताने केलेल्या. त्यात घाबरटपणाही भरीला घातला जातो, जॉयस्टिक गरगरा फिरवली जाते, कारण शांत हात पडद्यावर कंटाळवाणे दिसतात.

याला उपाय आहे आणि तो जुना आहे. एक्स-प्लेन ‘.एफडीआर’ नावाची फाइल वाचतं. अपघातांची पुनर्रचना हाच तिचा हेतू. साधी मजकुराची फाइल असते : वर विमानाचा प्रकार, तारीख, वेळ, हवामान. खाली प्रत्येक क्षणाची एक ओळ : वेळ, रेखांश, अक्षांश, उंची, दिशा, नाकाचा कोन, कल. जॉयस्टिकला हात न लावता विमान त्या आकड्यांवरून चालतं. आकडे अहवालाच्या परिशिष्टातल्या आलेखांवरून घ्यायचे. खाचखळगे इथेच आहेत. आलेख पीडीएफमधलं चित्र असतो, डोळ्यांनी बिंदू वाचताना अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते. जुन्या रेकॉर्डरवर तर जेमतेम पाचसहा गोष्टी नोंदल्या जात : उंची, वेग, दिशा, गुरुत्वाचा झटका, वेळ. कल त्यात नसेच. नव्या रेकॉर्डरवरही बहुतेक स्विचांची नोंद सेकंदाला साधारण एकदा होते, मधलं काही कळत नाही. दोन बिंदूंच्या मध्ये सिम्युलेटर स्वतःहून गुळगुळीत रेघ ओढतं आणि ती रेघ नोंदीइतकीच खरी वाटते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात दोन रंग ठेवावेत. नोंदीतला भाग हिरवा, अंदाजाचा पिवळा. संकलनात अर्ध्या तासाचं काम आहे. तरी कुणी करत नाही, कारण मग बहुतेक व्हिडिओ पिवळेच दिसतील.

‘मग करायला काय हवं होतं?’ हा भाग सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी घुसून दोन्ही इंजिनांचा जोर गेला, विमान हडसन नदीत उतरलं, १५५ जण वाचले. नंतर अमेरिकी तपास संस्थेने खऱ्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून तपासलं. इंजिनं जाताच तत्क्षणी वळल्यास निम्म्याहून थोड्या अधिक वेळा विमान धावपट्टीवर पोचलं. मग पक्षी धडकल्याचं कळायला, तपासायला आणि ठरवायला लागतील ते ३५ सेकंद मोजून त्यानंतर वळण घेतलं. विमान पोचलं नाही. तत्काळ वळण खऱ्या परिस्थितीला धरून नाही, असं संस्थेने नमूदच केलं. घरी सिम्युलेटरवर बसून ‘मी तर परत आणलं’ म्हणणाऱ्याला कोणत्या सेकंदाला काय होणार हे पाठ असतं. त्याने आधी ३५ पर्यंत अंक मोजावेत.

वेळेचा मुद्दा अहमदाबादने ऐरणीवर आणला. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं ७८७ वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं, २६० जण गेले. मलबा निवत नव्हता, तोवर सिम्युलेटरवरची ‘कारणं’ यायला लागली होती. सर्वांत जोरात चालली ती ही : चाकं वर घ्यायच्या ऐवजी सहवैमानिकाने फ्लॅप, म्हणजे उचल वाढवणाऱ्या पंखाच्या झडपा, वर घेतले. सिम्युलेटरमध्ये ते हुबेहूब दिसत होतं. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा दांडा पाच अंशांवर, म्हणजे उड्डाणाच्या जागी, सापडला होता. इंधनाचे दोन्ही स्विच उड्डाणानंतर काही सेकंदांत, एकापाठोपाठ एक सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. ते का गेले, याचं उत्तर प्राथमिक अहवालात नाही. तरी लगेच नवे व्हिडिओ आले. आता स्विचवर हात होता आणि तो हात कुणाचा, हेही दाखवलेलं होतं. त्या विमानातल्या कित्येक कर्मचाऱ्यांची घरं मुंबई, ठाणे, पनवेलकडची. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोबाइलवर पहिले व्हिडिओ चाललेले असताना त्या घरांत तेरावंही झालेलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो. अंतिम अहवालापूर्वी पुनर्रचना करू नये, हा नियम व्हिडिओ करणाऱ्यांनी स्वतःच घालून घ्यावा. ज्याला थांबवत नाही त्याने विमानाची यंत्रणा समजावून सांगावी : इंधनाचा स्विच कसा असतो, ओढून वर घेतल्याशिवाय तो का हलत नाही. अपघात दाखवू नये.

आवाजाचंही तेच. अमेरिकेत कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण तपास संस्थेने प्रसिद्ध करण्यास कायद्यानेच बंदी आहे, फक्त लिखित संवाद मिळतो. हल्ली तो संवाद कृत्रिम आवाजाला देऊन त्यात कापरा सूर भरला जातो. मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेला हा आवाज कुणाचा आहे? अक्षरं पडद्यावर दाखवावीत, बस. वैमानिकांची नावंही नकोत. या लेखातही ती नाहीत आणि त्याने काही अडलेलं नाही.

या व्हिडिओंमुळे पोरं विमानविद्येकडे वळतात, असं म्हणतात आणि ते खरं आहे. ग्लाइड स्लोप म्हणजे काय, अस्थिर उतरण म्हणजे काय, हे दहावीतला मुलगा आज सांगू शकतो तो यामुळेच. तपासातही सिम्युलेटरने मोठं काम केलेलं आहे. १९८९ मध्ये स्यू सिटीला सुकाणं हलवणारे सगळे हायड्रॉलिक गेलेलं डीसी-१० फक्त इंजिनांच्या जोरावर धावपट्टीपर्यंत आणलं गेलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. नंतरच्या सिम्युलेटर-चाचण्यांनी दाखवलं की अशा विमानाचं सुरक्षित लँडिंग प्रशिक्षण देऊनही जमण्यासारखं नव्हतं. तिथे सिम्युलेटरने वैमानिकांवरचं ओझं उतरवलं. आणि प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये विमान जमिनीला टेकणार, तेव्हा दृश्य गोठतं. प्रशिक्षक मागे नेतो आणि चूक कुठे सुरू झाली ते विचारतो. व्हिडिओत तिथूनच आग सुरू होते, तीही सिम्युलेटरची नव्हे, संकलनात चिकटवलेली.

औरंगाबादचा व्हिडिओ नीट करायचा तर एक शनिवार पुरतो. एक्स-प्लेनसाठी वर्ल्ड एडिटर नावाचं मोफत साधन मिळतं. चिकलठाण्याची धावपट्टी उघडायची, तिच्या टोकापलीकडचा बीड रोड शोधायचा, वस्तूंच्या संग्रहातून मालवाहू ट्रक घेऊन रस्त्यावर ठेवायचा. गाठी नसतील तर ठोकळे रचून पांढरा रंग द्यायचा. मग कॅमेरा ट्रकच्या केबिनमध्ये ठेवायचा, ड्रायव्हरच्या उंचीवर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फाटक शोधायचं.